‘शिकवीन’ की ‘रोझी’?

तात्यांशी बोलायचं तर त्यांच्या पाठीमागे उभं राहावं लागे. समोर उभं राहिलं की ते अस्वस्थ होत, मान इकडून तिकडे करून तुमच्या पलीकडचं पाहू लागत आणि शेवटी म्हणत, "जरा बाजूला व्हा, रस्ता दिसत नाय." रस्ता म्हणजे त्यांच्या घरापुढचं अंगण. त्यात एक तुळस, वाळत घातलेल्या मिरच्या आणि काकींच्या कोंबड्या, यापलीकडे वाहतूक नव्हती.

ओसरीच्या खांबाला त्यांनी, धाकटी मुलगी पाळण्यात होती तेव्हापासूनच, बसमधला लांबट आरसा ठोकला होता. भंगारात निघालेल्या गाडीचा, आगारातल्या साहेबांना मस्का लावून मागून आणलेला. त्या आरशाखाली त्यांची खुर्ची. तोंड अंगणाकडे, पाठ घराकडे. घरातली माणसं मागून येत-जात आणि तात्या आरशात पाहून त्यांच्याशी बोलत. "तारे, आज कालवनात मीठ पडलं नाय," हे ते आरशाला सांगत. मग काकीही आरशाकडे डोळे वटारून म्हणत, "पडलं होतं. तुमच्या जिभेला कळलं नाय."

आम्ही त्यांच्या घरातल्या दोन खोल्या भाड्याने बघायला गेलो, तेव्हा हे मला माहीत नव्हतं. मी आपली समोर जाऊन नमस्कार केला. तात्या म्हणाले, "मागं या." आमचे हे मुळातच आज्ञाधारक. ते घराला वळसा घालून मागच्या विहिरीपर्यंत जाऊन आले. मी मात्र जागची हलले नाही. माणसाशी तोंडाकडे बघून बोलायचं, एवढं वळण मला घरून होतं. त्या दिवशी तात्या माझ्या कानाच्या बाजूने कोंबड्यांकडे बघत राहिले आणि खोल्या आम्हाला मिळाल्या.

जनार्दन तात्यांची सगळी नोकरी लाल गाडीच्या चाकामागे गेली होती. वसई, निर्मळ, अर्नाळा, विरार, पूर्वेला चांदीपपर्यंत. तालुक्यात असा रस्ता नव्हता, ज्याचे खड्डे तात्यांना नावानिशी ठाऊक नव्हते. आम्ही राहायला गेलो त्याच्या आदल्या वर्षी ते निवृत्त झाले. म्हणजे गाडीतून उतरले एवढंच. घरात कुणी उंबऱ्यात घुटमळलं की "आत सरका, आत सरका, मागं सगळं रिकामं हाय." कुणी विषयाला फाटा फोडला की "हा मार्ग आपला नाय." आणि त्यांचं जेवण तर बघण्यासारखं. गाडीत कंडक्टरने एकदा घंटी दिली की थांबायचं, दोनदा दिली की निघायचं. तात्या ताटाच्या कडेवर बोटाने एकदाच ‘टक्’ करत. म्हणजे बस, भात पुरे. ‘टक् टक्’ केलं की वाढायचं. काकींचा हात वाढताना कधी चुकला नाही, पण माझा एकदा चुकला. मी एका टक्-वर डावभर भात वाढला, तर तात्या म्हणाले, "बाई, एका बेलवर गाडी काढलीत. अपघात झाला असता."

तर अशा माणसाने एके दिवशी जाहीर केलं, की आपण मोटरबोट घेणार.

हे एकोणीसशे ऐंशीच्या पुढच्या एक-दोन वर्षांतलं. आमचं गाव खाडीकाठचं, होड्यांचं कुणाला अप्रूप नव्हतं. पण होडी म्हणजे मासे, नाही तर रेती, नाही तर मीठ. नुसती माणसं बसवून हिंडायला मोटरबोट घ्यायची, हे गावाने ऐकलं नव्हतं. थोरला विलास वसईला कारखान्यात होता आणि त्याच्या मनात स्कूटर होती. तो म्हणाला, "बाबा, बोट काय करायची? फिरायलाच जायचं तर गाडी करून जाऊ."

"रस्त्यावर मी परत चाक धरनार नाय," तात्या आरशाला म्हणाले. "रस्ता सगळा लोकांचा झाला. पानी तेवढं आपलं हाय."

कारण मला काकींनी सांगितलं. नंदाचं, म्हणजे त्यांच्या धाकटीचं, लग्न ठरलं होतं. नवरा मुलगा रत्नागिरीकडचा, बंदरात नोकरीला. वैशाखात लग्न, मग पोरगी लांब जाणार. आणि तात्यांनी घरच्यांना घेऊन आजवर एकही सहल केली नव्हती. कशी करणार? सणवार, जत्रा, सुट्टी, म्हणजे तात्यांना जादा फेऱ्या. लोकांची पोरंबाळं नवे कपडे घालून जत्रेला निघत आणि तात्या त्यांना नेऊन सोडत.

"एकदा निर्मळच्या जत्रेला आमी ह्यांच्याच गाडीत बसलो," काकी म्हणाल्या. "नंदी येवढीशी. म्हटलं, चला, ह्यांच्यासंगती जाऊ. तर पाटी लिवलेली, चालकाशी बोलू नये. हे सबंध वाट बोलले नाय, मागं वळून बगितलं नाय. आरशात बगत होते मेले. जत्रा आली, आमी उतरलो, ह्यांनी गाडी वळवली आन गेले दुसरी मानसं आनायला. पोरगी पिपानी वाजवून दाखवत होती, ती धुरळ्याला."

काकी हे हसत सांगत होत्या. मला मात्र हसू आलं नाही.

तेव्हा लग्नाआधी एकदा सगळ्या घराला आपल्या बोटीतून खाडीत फिरवून आणायचं, पाणजू बेटापर्यंत जायचं, भाकरी खायची, परत यायचं, एवढाच तात्यांचा बेत होता. आणि त्यासाठी दोन बोटी त्यांच्या नजरेत होत्या.

पहिली अर्नाळ्याकडे. समुद्राकाठी एका मुंबईच्या शेठचा बंगला होता, तो बंद करायचा होता. शेठची बोट आवारात झाकून ठेवलेली. फायबरची, पांढरीशुभ्र, लाल पट्ट्याची; पुढे काच, काचेमागे चाक, चाकामागे गादीच्या बैठका. अंगावर इंग्रजीत नाव लिहिलेलं, ‘सी क्वीन’. तात्यांनी एकेक अक्षर जुळवून ते वाचलं आणि घरी येऊन सांगितलं, "बोटीचं नाव ‘शिकवीन’ हाय." काकी म्हणाल्या, "मग ती आपल्या बाईंची असंल." त्या दिवसापासून शेठच्या बोटीचं नाव आमच्या घरात शिकवीनच पडलं आणि मीही, शाळेत शुद्धलेखन तपासणारी बाई, तेच म्हणू लागले.

दुसरी इनासमामांची. इनासमामा म्हणजे खाडीच्या तोंडाशी केळीची वाडी असलेले ख्रिस्ती बागायतदार, तात्यांच्या गाडीतले जुने रोजचे उतारू. त्यांनी हौसेने लाकडी बोट बांधून घेतली होती. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की बायकामुलांना घेऊन खाडीत जायचे. आता मुलं आखातात गेली होती आणि बोट माडाच्या झापांच्या मांडवाखाली पडून होती. बोटीला बायकोचं नाव, ‘रोझी’. हिला पुढे चाक वगैरे काही नाही. मशीन मागे लटकवलेलं, त्यालाच एक दांडा. तो धरून चालवणाऱ्याने मागच्या फळीवर बसायचं, बाकीची माणसं पुढे.

काकींची पहिली हरकत बोटीच्या नावालाच होती. "कोन ही रोझी?" त्यांनी विचारलं. इनासमामांची बायको, असं कळल्यावर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या बायकोवर बसून मी सहलीला जानार नाय."

खरं तर निवड सोपी होती. शिकवीनला चाक, काच, हॉर्नसुद्धा. तात्या ती बघायला गेले तेव्हा मी बरोबर होते, कारण मला समुद्र लांबून बघायचा होता. मी घाटावरची. पाणी घागरीत असावं, फार तर विहिरीत, असं माझं मत. तात्यांनी जाताना आरसा खांबावरून उतरवून टॉवेलात गुंडाळून घेतला होता. त्यांनी चाकापुढच्या काचेवर तो धरून पाहिला. जणू बोट बांधणाऱ्याने माप घेऊनच जागा ठेवली होती. तात्या चाकामागे बसले, गादीवर मला बसवलं आणि आरशात बघून म्हणाले, "बाई, आता तुमी नीट दिसता." समोर पाच पावलांवर मी रोज दिसत होते, त्याची दखल नव्हती.

मग इनासमामांकडे. मामांनी आधी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, पुढे ठेवली, मग रोझी दाखवली. तात्या आरसा घेऊन बोटीभोवती दोनदा फिरले. लावायचा कुठे?

"आरसा कशाला, जना?" मामा म्हणाले. "मागे माणूस असला तर आरसा ना. हिच्यात तू बसला की तुझ्या मागे नुसतं पाणी. माणसं सगळी पुढे."

"मागं कोन नाय?"

"कुणी नाय."

तात्यांना हे काही केल्या पटेना. परत येताना बांधावरून चालत ते माझ्याशी, म्हणजे माझ्या पुढच्या मोकळ्या हवेशी, बोलत होते. "बाई, गाडीत मागं कोन बसतो?"

"कंडक्टर."

"तेच म्हनतो मी. जल्मभर ड्रायव्हरकी केली, आता म्हातारपनी मना कंडक्टर व्हायला सांगतो हा इनास."

पण शिकवीन नक्की म्हणावं, तर तेही होईना. ती पसंत होती, तिच्यात खोट नव्हती, आणि तरी तात्यांचा पाय उचलत नव्हता. शेवटी त्यांनी दोन्ही बोटी घरीच आणल्या. म्हणजे अंगणात चुन्याने आखल्या. तुळशीच्या उजवीकडे शिकवीन, डावीकडे रोझी. प्रत्येकीत बाक, पाट, स्टुलं मांडून बैठका. दर रविवारी सकाळी चहा झाला की सगळ्यांनी आधी एका बोटीत बसायचं आणि मग दुसऱ्या. शेजारीपाजारी कुंपणाला टेकून बघत. पोस्टमन पत्र द्यायला आला, तर तात्या ओरडले, "बोट चालू हाय, पान्यात उतरू नका!" आणि तो बिचारा खरंच कडेने चालत आला.

शिकवीनमध्ये तात्या पुढे, आरसा काठीला बांधलेला, आम्ही मागे. ते खुशीत असत. "जाग्यावर बसून घ्या," म्हणत. रोझीत मात्र ते सगळ्यांच्या मागे बसत आणि कुरकुरत, "काय दिसतं हितून? नुसते अंबाडे." काकी पुढून म्हणत, "मग बगू नका." विलास आडवा होऊन पेपर वाची. नंदा मात्र प्रत्येक बोटीत मन लावून बसे, वारा लागावा तशी केस कानामागे सारी. एकदा तिने मला हळूच विचारलं, "बाई, ह्यातली कोनची का असंना, खरी कंदी येनार? वैशाख तर आला." मी म्हटलं, येईल. पण मलाही ती अंगणातच बुडते की काय, अशी धास्ती वाटायला लागली होती.

मुलाकडची माणसं बोलणी करायला आली, त्या दिवशीची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. तात्या रीतसर आरशात बघत मुलीची माहिती देत होते. स्वयंपाक येतो, शिवण येतं, अकरावी झाली. "आन उजव्या गालावर तीळ हाय. लक्ष्मीचं लक्षन." मुलाच्या काकांनी चहा घेऊन आलेल्या नंदाकडे पाहिलं, मग तात्यांच्या पाठीकडे पाहिलं, आणि बशीत चहा ओतला. नंदाचा तीळ डाव्या गालावर होता. आम्ही सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. माणूस गडबडला असेल, पोरीचं लग्न ठरतंय.

पुढे मुलाच्या आईने नातलगांना दाखवायला नंदाचा एक चांगला फोटो मागितला. विरारला फुलपाड्यात एक नवा स्टुडिओ निघाला होता, तिथे काकी तिला घेऊन गेल्या आणि फोटो काढून आल्या. तो आणायला तात्या निघाले. मला शाळेसाठी खडू, नकाशे घ्यायचे होते, म्हणून मीही. तिथून परस्पर अर्नाळ्याला जाऊन शिकवीनचं नक्की सांगून यायचं, असं त्यांनी सकाळीच आरशाला सांगितलं होतं. शेठच्या रखवालदाराचा निरोप आला होता, की दुसरं गिऱ्हाईक आहे, आज काय ते बोला.

स्टुडिओवाल्याने पाकीट दिलं. तात्यांनी फोटो बाहेर काढला, हातभर लांब धरला, जवळ आणला आणि म्हणाले, "उलटा छापला."

"काय?"

"फोटो उलटा छापला. तीळ बगा. उजव्या गालावर पायजे, तो डाव्या गालावर आला."

स्टुडिओवाला तरुण होता, धंदा नवा होता, म्हणून त्याने सबुरीने घेतलं. "काका, बरोबर आहे फोटो."

"माझी पोरगी मी वळखत नाय? बाई, सांगा त्याला!"

मी काय सांगणार? मी खडूच्या पुड्याचा दोरा गुंडाळत बसले.

"काका, पदर बघा," तो म्हणाला. "पदर डाव्या खांद्यावर आहे ना? उलटा छापला असता तर उजव्या खांद्यावर गेला असता."

तात्यांनी पदर पाहिला. ड्रायव्हर माणूस, एवढ्यात गाडी मागे घेणार नव्हता. "गुजराती पदर घेतला असंल तिनं," ते म्हणाले. पण आवाज खाली आला होता. त्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं, मग स्टुडिओच्या भिंतीवर केस विंचरायला लावलेल्या आरशाकडे पाहिलं. त्या आरशात ते स्वतः होते आणि त्यांच्यामागे मी. मग उजव्या हाताने त्यांनी आपला उजवा गाल चाचपला, आणि डावाही.

आरशात डावं-उजवं बदलतं, हे मी चौथीच्या मुलांना शिकवते. पण ते असं कुणाच्या अंगावर येताना मी पाहिलं नव्हतं. या माणसाने आपली मुलगी लहानाची मोठी होताना पाहिली होती ती आरशात. रांगताना, शाळेत जाताना, आजारात, साडीत; सगळी पाठीमागे, सगळी उलटी. मी स्टुडिओवाल्याला उगीचच विचारलं, की पासपोर्ट फोटो किती वेळात मिळतो.

बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "बाई, अर्नाळा ऱ्हाऊ दे."

परतीच्या गाडीत ते नेहमी ड्रायव्हरच्या पाठच्या बाकावर बसत आणि सबंध वाट त्याच्या चुका काढत. त्या दिवशी ते सरळ मागे गेले, शेवटच्या लांब बाकावर. मी शेजारी बसले. पुढे सगळी गाडी पसरलेली; डोकी, टोपल्या, खांद्यावर झोपलेली मुलं. एक लहान मूल आईच्या खांद्यावरून मागे बघत होतं. ते तात्यांकडे बघून हसलं. तात्या दचकले, मग ओशाळून हसले.

"मागच्या बाकावर मी आज पयल्यांदा बसलो," ते मला म्हणाले. म्हणजे माझ्याकडे बघून म्हणाले. मीच जरा बिचकले.

घरी आल्यावर ते खुर्चीत बसले. नंदा पाणी घेऊन आली आणि सवयीने खुर्चीमागे उभी राहिली.

"नंदे, पुढं ये."

"पुढं कुठं?" नंदाने विचारलं. त्या घरात खुर्चीला ‘पुढं’ आहे, हे कुणाला माहीतच नव्हतं. ती अंगणात उतरली, मिरच्या तुडवू नयेत म्हणून बाजूने आली आणि तात्यांच्या समोर उभी राहिली. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. जा, आयेला मदत कर." ती मला डोळ्यांनीच विचारत गेली, की बाबांना बरं नाही का.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इनासमामांकडे गेले आणि रोझी ठरवून आले.

घरात मोठाच गहजब झाला. चाक सोडून दांडा? गादी सोडून फळी? विलास म्हणाला, "बाबा, तुमीच म्हनत होता ना, मागं कंडक्टर बसतो?" तात्या म्हणाले, "तिला काच नाय, म्हंजे पुसायची भानगड नाय." काकी म्हणाल्या, "आन ती रोझी?" तात्या म्हणाले, "नाव बदलू." नाव काही बदललं नाही. मामांनी बोट देताना फळीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, की मासे भरू नको हिच्यात, माणसं बसव. त्यानंतर नाव पुसायचं काकींच्याही मनात आलं नाही.

वैशाखातल्या एका रविवारी, भरती बघून, आम्ही निघालो. काकींनी तांदळाच्या भाकऱ्या, बोंबलाची चटणी आणि पिकलेले आंबे घेतले होते, आणि गळ्यातलं मंगळसूत्र घट्ट धरलं होतं. आमच्या ह्यांना पाण्याची भीती वाटत नाही, असं ते म्हणाले आणि किनाऱ्यावरच थांबले. मी मात्र गेले. भीतीपेक्षा माझी उत्सुकता नेहमीच वरचढ ठरत आली आहे. तात्यांच्या काखेत टॉवेलाची गुंडाळी दिसली नाही. मी विचारलं, "आरसा?"

"घरी खांबाला हाय. तारेला वेनीफनीला झाला."

सगळे चढून पुढे तोंड करून बसले, अंगणात शिकवल्याप्रमाणे. तात्या मागच्या फळीवर बसले, दांडा हातात घेतला आणि म्हणाले, "फिरून बसा."

"म्हंजे?"

"सगळ्यांनी हिकडं तोंड करा. माझ्याकडं."

"अवो, मग पुढं काय हाय ते आमाला दिसनार कसं?" काकी म्हणाल्या.

"पुढचं मी बगतो. तुमी हिकडं बगा."

आता बोटीत बसून भांडण करणं बरं नव्हे, म्हणून सगळे फिरून बसले. जगात अशी सहल दुसरी कुणी केली नसेल. बोट पुढे चालली होती आणि आम्ही सगळे मागे बघत होतो. काठावरची तिवरांची झाडं आमच्या पाठीमागून येत आणि समोरून निघून जात. मिठागरांचे पांढरे ढीग आम्हाला आधी कधीच दिसत नसत, गेल्यावर दिसत. विलास म्हणाला, "बाबा, पाणजू आलं की सांगा, नाय तर आमी मागं टाकून जाऊ." सगळे हसले, आणि मी पाहिलं, की तात्या आमच्या हसण्याकडे बघत होते. एकेकाकडे. काकी हसताना पदर तोंडाला लावतात. विलासचा एक दात पुढे आहे. ते त्या दाताकडेसुद्धा असे बघत होते, की जणू आज पहिल्यांदा फुटला होता. मध्येच डोळे उचलून ते आमच्या डोक्यांवरून पाण्याकडे बघत आणि लगेच खाली येत.

खाडी रुंद झाली, वारा लागला. नंदाने केस कानामागे सारले. या वेळी खरोखरचे उडालेले.

तेवढ्यात तात्यांनी फळीवर बोटाने केलं, टक्.

एकदाच. आणि मशीन बंद केलं.

एकदम इतकं शांत झालं, की लाकडाला लागणारं पाणी ऐकू यायला लागलं. काकी घाबरल्या. "बंद पडली?"

"नाय. थांबवली."

"हितं? मधीच? हितं काय हाय?"

"काय नाय," तात्या म्हणाले. "जल्मभर दुसऱ्याच्या बेलवर थांबलो. एकदा माझ्या बेलवर थांबू दे."

काकींनी मंगळसूत्रावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. बोट जरा आडवी होऊन पाण्यावर तरंगत राहिली. तात्या नंदाकडे बघत होते, आरशाशिवाय, सरळ, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. ते त्यांनी पुसले नाहीत. एक हात दांड्यावर होता आणि दुसरा त्यांना आठवला नसावा.

"काय बगता, बाबा?" नंदाने विचारलं.

"डाव्या गालावर हाय," तात्या म्हणाले.

नंदाला काही कळलं नाही. तिने गालाला हात लावला, बोटाकडे पाहिलं, काही लागलंय का म्हणून. मला कळलं, पण मी तिवरांकडे बघत होते.

किती वेळ गेला, कोण जाणे. भरती संपून पाणी फिरायला लागलं, बोटीचं नाक हळूहळू वळलं. तात्या हलले नाहीत. वैशाख होता, लग्न आठवड्यावर आलं होतं, आणि तिथे खाडीच्या मधोमध त्यांनी गाडी उभी करून ठेवली होती.

शेवटी नंदाच पुढे वाकली. बापाच्या गुडघ्याशेजारी, फळीवर, तिने बोटाने दोनदा केलं, टक् टक्.

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि मशीन चालू केलं.